‘सार्वजनिक’ वाहतूक आणि नागरिकांची ‘हरकत’ : नाशिकच्या नगरवाहतुकीच्या इतिहासातील एक प्रश्न

१

नाशिक हे गोदातीरावरील प्राचीन क्षेत्र. तथापि त्याच्या आधुनिक नगरवाहतुकीचा प्रश्न गोदेच्या काठी निर्माण झालेला नाही. तो गावापासून सुमारे आठ किलोमीटर दूर गेलेल्या लोहमार्गापाशी निर्माण झाला. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग थळघाट चढून खानदेशाकडे गेला, तेव्हा तो नाशिकच्या जुन्या वस्तीस स्पर्श न करता तिच्या आग्नेयेकडून निघून गेला. स्थानकास जे नाव मिळाले, त्यातच या दुराव्याची नोंद आहे. ज्या गावासाठी स्थानक बांधले ते गाव स्थानकापाशी नसेल, तर गावाच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द जोडण्याची रेल्वेची पद्धत होती. ‘नाशिकरोड’ म्हणजे नाशिकला जाणारा रस्ता जेथे धरावयाचा ते ठिकाण. पुढे त्या ठिकाणीच वस्ती वाढली; १९२५ मध्ये तेथे इंडिया सिक्युरिटी प्रेसचे काम सुरू झाले; बाजार व शाळा आल्या; आणि रस्त्याचे नाव गावाचे नाव होऊन बसले. ‘नाशिकरोडला राहतो’ असे म्हणणाऱ्याच्या मनात आता रस्त्याचा अर्थ उरलेला नाही.

स्थानक कोठे असावे हे ठरविताना नाशिककरांचे मत विचारले जाण्याचा त्या काळी प्रश्नच नव्हता. नाशिकची नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली, आणि लोहमार्गाची आखणी त्यापूर्वीच झालेली होती. गावाच्या वाट्यास आला तो या निर्णयाचा परिणाम : स्थानकापासून गावापर्यंतचे अंतर. ते अंतर प्रथम टांगे व बैलगाड्या यांनी तोडले. पुढे त्या शतकाच्या अखेरीस, १८९० च्या आगेमागे, त्याच वाटेवर ट्राम धावू लागली. गावातील मेन रोडवरील जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून नाशिकरोड स्थानकापर्यंत तिचा मार्ग होता आणि आरंभी तिचे डबे घोडे ओढीत असत. प्लेग व दुष्काळ यांच्या वर्षांत तिच्या उत्पन्नास ओहोटी लागली असे सांगितले जाते. पुढे मोटारींचाही काळ आला. आणि १९३१ ते १९३३ च्या दरम्यान ट्राम बंद पडली.

मुंबईत ९ मे १८७४ रोजी पहिली घोड्यांची ट्राम निघाली, त्यानंतर अवघ्या पंधरासोळा वर्षांत नाशिकसारख्या लहान गावी ट्राम यावी ही गोष्ट उल्लेखनीय खरी. परंतु प्रस्तुत विवेचनाचा विषय ट्रामचे नवल हा नाही. अनेकांनी मिळून वापरावयाचे वाहन एखाद्या शहरात येते, तेव्हा त्याचा मार्ग, थांबे, दर व वेळा कोणी ठरवावयाच्या, आणि ज्यांना त्यात बसावयाचे आहे त्यांना त्या ठरविण्यात कोणते स्थान असते, हा येथील प्रश्न आहे. नाशिकच्या सुमारे सव्वाशे वर्षांच्या अनुभवातून या प्रश्नाकडे पाहता असे दिसते की, बसणाऱ्याला बोलण्याचा अधिकार देण्यात आला, परंतु तो प्रत्येक वेळी एकाच क्षणी आणि एकाच साच्यात देण्यात आला. तो साचा कसा घडला हे पाहण्यासाठी कायद्यांच्या इतिहासाइतकाच शब्दांचा इतिहास उपयोगी पडतो.

२

हिंदुस्थानात ट्रामसंबंधीचा सर्वसाधारण कायदा १८८६ मध्ये झाला. एखाद्या नगरात ट्राम घालावयाची, तर त्यासाठी स्थानिक संस्थेने स्वतः अर्ज करावा, किंवा अन्य कोणी अर्ज केल्यास त्यास स्थानिक संस्थेची संमती असावी, अशी त्यात योजना होती. अर्ज ग्राह्य वाटल्यास सरकारने आपल्या नियोजित आदेशाचा मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करावयाचा, आणि कोणाही व्यक्तीस त्याबाबत काही हरकत घ्यावयाची किंवा सूचना करावयाची असल्यास ती अमुक दिवसापूर्वी पाठवावी म्हणजे तिचा विचार केला जाईल, असे जाहीर करावयाचे. नाशिकची ट्राम आली ती या कायद्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत. ‘कोणाही व्यक्तीस’ हे त्यातील शब्द त्या काळाच्या मानाने उदार होते. जेथे मतदानाचा अधिकार मूठभर करदात्यांना होता, तेथे रस्त्यावरील रुळांविषयी बोलण्याचा अधिकार कायद्याने सर्वांस दिला.

पुढे १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टने नियमांच्या पूर्वप्रसिद्धीची हीच रीत सर्वसामान्य केली, आणि ‘हरकती व सूचना’ हे जोडपद मराठी राज्यव्यवहारात कायमचे रुळले. आजही नगररचनेची, भाडेवाढीची वा रस्तारुंदीची कोणतीही जाहीर नोटीस या जोडपदावाचून पुरी होत नाही.

यातील ‘हरकत’ या शब्दाचा प्रवास चमत्कारिक आहे. मूळ अरबीत त्याचा अर्थ गती, चलन, हालचाल असा आहे. तेथील व्याकरणकारांनी व्यंजनास चालना देणाऱ्या स्वरचिन्हांनाही हेच नाव दिले. फारसीमार्गे तो आपल्याकडे आला, आणि मराठीत त्याच्या दोन वाटा झाल्या. संगीतात गवई ‘हरकत’ घेतो तेव्हा मूळचा गतीचा अर्थ अजून जिवंत असतो. व्यवहारात मात्र ‘हरकत’ म्हणजे अडथळा, आक्षेप असा नेमका उलटा अर्थ स्थिर झाला. चलनाचा वाचक असलेला शब्द चलन रोखण्याचा वाचक बनला. वाहतुकीसारख्या केवळ चलनाशीच संबंध असलेल्या विषयात नागरिकाने आपले म्हणणे मांडावयाचे ते ‘हरकत’ या सदराखाली, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. नागरिकाचे म्हणणे प्रथमपासूनच अडथळा म्हणून नोंदले जाते. आणि ज्याने काहीच लिहून पाठविले नाही त्याच्या मौनाचा अर्थ ‘काही हरकत नाही’ असा घेतला जातो. बोलीतील या नित्याच्या सौजन्यवाक्यास कायद्याने संमतीचे मूल्य दिले आहे.

‘सूचना’ या शब्दाचीही अशीच दुहेरी स्थिती आहे. कार्यालयाच्या भिंतीवर ‘सूचना’ लावलेली असते ती वरून खाली आलेली आज्ञा असते. नागरिक ‘सूचना’ करतो ती खालून वर गेलेली विनंती असते. एकच शब्द दोन्ही दिशांनी वापरला जातो. परंतु वरून आलेली सूचना पाळावी लागते, आणि खालून गेलेल्या सूचनेचा ‘विचार केला जातो’. या दोन क्रियापदांतील अंतर हेच १८८६ पासून चालत आलेल्या साच्याचे मर्म होय. आराखडा आधी तयार होतो. मग तो दाखविला जातो. मग मुदतीत बोलावयास सांगितले जाते. रेघ आखण्यापूर्वी विचारण्याची तरतूद या साच्यात नाही.

३

ज्या विशेषणाने आपण या वाहतुकीचा निर्देश करतो, त्या ‘सार्वजनिक’ शब्दाचा इतिहास याहून वेगळ्या दिशेने गेला आहे. आधुनिक मराठी राज्यकारणात त्यास प्रतिष्ठा मिळाली ती २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेमुळे. त्या सभेचा सभासद होऊ इच्छिणाऱ्यास किमान पन्नास व्यक्तींच्या सहीचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आरंभीच्या ९५ सभासदांमागे सुमारे ६,००० लोकांची अशी मुखत्यारपत्रे होती. म्हणजे ‘सार्वजनिक’ या शब्दात त्या वेळी केवळ ‘सर्वांसाठी खुले’ एवढाच अर्थ नव्हता. ‘सर्वांनी ज्यास अधिकार दिला ते’ असा अधिकाराचा अर्थ होता. ही मुखत्यारी समाजाच्या एका मर्यादित थरातूनच आली होती हे खरे. परंतु तत्त्व नि:संदिग्ध होते.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात याच शब्दाचा दुसरा अर्थ पणास लागला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेल्या व चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत असे त्याने सांगितले. जे सर्वांच्या पैशातून उभे राहिले त्यावर सर्वांचा हक्क, हा ‘सार्वजनिक’चा प्रवेशवाचक अर्थ होय. महाडचे चवदार तळे (१९२७) आणि नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह (२ मार्च १९३० पासून) हे या अर्थासाठी झालेले लढे होते.

ठरावाच्या यादीत वाहनांचा उल्लेख नव्हता. आणि वाहनांत हा प्रश्न कोणते रूप घेई, याचे उदाहरण नाशिकच्या शेजारीच घडले. १९२९ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचे सभासद म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे खानदेशचे दोन जिल्हे आले होते. ते काम आटोपून परतताना ते चाळीसगावी उतरले. तेथील टांगेवाल्यांनी अस्पृश्य उतारूस घेऊन टांगा हाकण्याचे नाकारले. महारवाड्यातील मंडळींना आपल्या पाहुण्याने पायी यावे हे रुचेना. अखेर तोड निघाली ती अशी की, टांगा भाड्याने मिळावा, पण टांगेवाल्याने तो हाकू नये. हाकण्याची सवय नसलेल्या माणसाच्या हाती लगाम गेला, पुलाजवळ टांगा उलटला, आणि डॉ. आंबेडकरांच्या पायास गंभीर दुखापत झाली. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेविला आहे.

या प्रसंगाचा वाहतुकीच्या इतिहासाशी असलेला संबंध सहसा लक्षात घेतला जात नाही. वाहन अस्तित्वात असणे, त्याचे भाडे देण्याची ऐपत असणे आणि कायद्याची मनाई नसणे, या तीन गोष्टी जुळूनही ते वाहन सर्वांचे होत नाही, असे तो दाखवितो. वाहन कोणी चालवावे, ते कोठे थांबावे, कोणास घ्यावे या गोष्टी रूढीने ठरत असतील, तर त्या ठरविण्यात ज्यांस आवाज नाही त्यांच्या वाट्यास उलटलेला टांगा येतो.

नगरवाहतुकीने ‘सार्वजनिक’ हे विशेषण स्वीकारले, ते यांपैकी प्रवेशाच्या अर्थाने. तिकीट काढील त्यास बसता येईल, हा नियम जातिभेदाच्या समाजात लहान नव्हता. परंतु १८७० चा मुखत्यारीचा अर्थ मात्र या विशेषणातून गळून गेला. वाहतूक सर्वांसाठी झाली. सर्वांच्या अधिकाराने चालणारी झाली नाही.

४

मोटारींच्या काळात बोलण्याच्या अधिकाराचा साचा अधिक तपशीलवार झाला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानुसार बसचा परवाना देताना प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने अर्ज प्रसिद्ध करावा व निवेदने मागवावीत असे ठरले. मात्र कोणाची निवेदने विचारात घ्यावयाची याची यादी कायद्यातच होती : त्या मार्गावर आधीच वाहतूक करणारे, स्थानिक संस्था, पोलीस अधिकारी, आणि रस्तेवाहतुकीच्या सोयीत स्वारस्य असलेल्या संघटना. त्या यादीत एकटा प्रवासी कोठेच नव्हता. जनतेचे हित लक्षात घ्यावे असे कायदा सांगत होता; ते हित जनतेच्या तोंडून ऐकावे असे तो सांगत नव्हता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एस. टी. धावली. १९५० च्या रस्ता परिवहन महामंडळ कायद्याने अशा महामंडळांसाठी सल्लागार मंडळे नेमण्याची मुभा सतराव्या कलमात दिली. नाशिक शहरातील बससेवाही पुढे अनेक दशके राज्य परिवहनाकडेच राहिली. म्हणजे शहराची अंतर्गत वाहतूक शहराच्या नगरपालिकेकडे नसून राज्याच्या महामंडळाकडे होती; आणि शहरातील प्रवाशाचा आवाज पोहोचावयाचा तो सल्लागारांच्या वाटेने.

मार्गांच्या राष्ट्रीयीकरणासाठी १९५६ मध्ये मोटार वाहन कायद्यात नवे प्रकरण घातले गेले. राज्य परिवहनाने योजना प्रसिद्ध करावी, बाधितांनी हरकती घ्याव्यात, आणि सरकारने त्या ऐकून निर्णय द्यावा, अशी त्याची रीत होती. याच रीतीविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये आंध्र प्रदेशातील गुल्लपल्ली नागेश्वर राव यांच्या प्रकरणात दिलेला निर्णय प्रसिद्ध आहे. तेथे खाजगी बसमालकांच्या हरकती ऐकल्या त्या परिवहन खात्याच्या सचिवाने, आणि निर्णय दिला तो मुख्यमंत्र्यांनी. ऐकणारा एक व ठरविणारा दुसरा असेल, तर ऐकणे ही पोकळ औपचारिकता ठरते, असे न्यायालयाने म्हटले आणि तो आदेश रद्द केला. शिवाय ज्या खात्याची योजना त्याच खात्याच्या सचिवाने हरकती ऐकणे हेही न्यायालयास मान्य झाले नाही.

हा वाद मालकांचा होता, प्रवाशांचा नव्हे. परंतु त्यातून निघालेले तत्त्व सर्वांनाच लागू पडते. सुनावणी झाली किंवा नाही एवढेच पाहून भागत नाही. ऐकणाऱ्याच्या हाती बदल करण्याचा अधिकार होता काय, आणि तो स्वतःच्याच योजनेचा न्यायाधीश तर झाला नव्हता ना, हे दोन प्रश्न विचारावे लागतात. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने विकास आराखड्यासाठी हरकती, सूचना व नियोजन समितीपुढील सुनावणी यांची व्यवस्था केली, तिलाही हेच दोन प्रश्न लावून पाहता येतात.

५

कायद्याच्या कागदांवर नागरिक हरकतदार म्हणून वावरत असताना शहरात मात्र तो निराळ्याच नात्याने वाहतूक घडवीत होता. याचा सर्वांत टिकाऊ पुरावा म्हणजे थांब्यांची व भागांची नावे.

मुंबई नाका, त्र्यंबक नाका, गंगापूर नाका ही नावे गावाबाहेर पडणाऱ्या वाटांवरील वसुलीच्या ठिकाणांची आठवण जपतात. जेथे गाडी थांबवावीच लागे तेथेच माणसे गाडीची वाट पाहू लागली. पाथर्डी फाटा हे नाव वाट फुटते त्या ठिकाणचे. तेथे आडवळणाच्या गावचा माणूस उतरतो व पुढे चालू लागतो. रविवार कारंजा, अशोक स्तंभ, शालिमार ही नावे डोळ्यांना दिसणाऱ्या किंवा जिभेवर रुळलेल्या खुणांची. ‘मध्यवर्ती बसस्थानक’ या सरकारी नावाची इंग्रजी आद्याक्षरे घेऊन लोकांनी ‘सीबीएस’ असा एक स्वतंत्र शब्दच घडविला. महापालिकेच्या सहा विभागांपैकी एकाचे अधिकृत नाव ‘नवीन नाशिक’ आहे. परंतु तेथे घरे बांधणाऱ्या महामंडळाच्या नावावरून लोक त्यास ‘सिडको’च म्हणतात, आणि रिक्षावाल्याची हाळीही तीच असते. जे नाव हाकेत टिकते तेच थांब्याचे नाव होते.

या नावांत एक आराखडा दडलेला आहे. माणसे कोठे वाहन बदलतात, कोठे वाट पाहतात, कोठून पायी निघतात याची ती पिढ्यान्‌पिढ्या झालेली मोजणी आहे. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती, सिडकोची घरे, देवळाली कॅम्प व नाशिकरोड यांमुळे शहर अनेक मुखांनी वाढले, तेव्हा बसफेऱ्यांच्या अपुरेपणाची भर शेअर रिक्षांनी काढली. शालिमारहून द्वारकामार्गे नाशिकरोड, सीबीएसहून सातपूर, असे त्यांचे मार्ग कोणत्याही कार्यालयाने आखलेले नव्हते. चालक व उतारू यांच्या नित्याच्या देवाणघेवाणीतून ते ठरले : किती जण बसले म्हणजे गाडी निघावी, कोणत्या टप्प्यास किती पैसे, कोठे हात केला असता थांबावे. कायद्याच्या दृष्टीने रिक्षा हे एका भाडेकरूचे वाहन; टप्प्याटप्प्याने उतारू घेणे तिच्या परवान्यात बसत नाही. तरीही शहर तिच्यावर चालत आले.

या लोकव्यवस्थेस आदर्श मानण्याचे कारण नाही. तीत गर्दी कोंबली जाते, रात्री उशिरा ती मिळत नाही, तोट्याच्या वाटेकडे ती वळत नाही, आणि वृद्ध, अपंग किंवा एकटी स्त्री यांची सोय ती आपण होऊन करीत नाही. चाळीसगावच्या टांग्याचा धडा येथेही लागू आहे : रूढीने ठरणारे वाहन सर्वांचे होईलच असे नाही. मात्र तीत साठलेले ज्ञान खरे आहे, आणि आराखडा करणाऱ्याच्या टेबलावर ते क्वचितच पोहोचते.

६

७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली. नाशिक, नाशिकरोड–देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि आसपासची खेडी मिळून एक शहर झाले. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १४,८६,०५३ इतकी नोंदली गेली. परंतु बससेवा महापालिकेकडे येण्यास २०२१ साल उजाडावे लागले. नाशिक महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड या कंपनीची ‘सिटीलिंक’ सेवा ८ जुलै २०२१ रोजी सुरू झाली. २०० सीएनजी व ५० डिझेल अशा २५० बसगाड्यांची योजना होती. गाड्या व चालक ठेकेदाराचे. त्यास धावलेल्या किलोमीटरप्रमाणे मोबदला द्यावयाचा. आणि तिकिटाचे उत्पन्न व तूट दोन्ही कंपनीकडे, अशी ही पद्धती आहे.

या सेवेच्या स्थापनेपूर्वी परिवहन समिती असावी की कंपनी, हा प्रश्न सभागृहात चर्चिला गेला. १९४९ च्या महानगरपालिका कायद्यात परिवहन समितीची तरतूद आहे, आणि तिचे सभासद नगरसेवकच असावेत असे बंधन नाही. प्रशासन, वाहतूक, अभियांत्रिकी, उद्योग, अर्थव्यवहार वा कामगारप्रश्न यांचा अनुभव असलेले नागरिकही तीत घेता येतात. म्हणजे हरकतीच्या साच्याबाहेर, ठरविणाऱ्यांच्याच पंगतीत नागरिकास बसविण्याची वाट कायद्यात आधीच होती. नाशिकने कंपनीचा मार्ग स्वीकारला. कंपनीस व्यवहाराची सुटसुटीतता लाभते हे मान्य करावे लागेल. परंतु सभागृहात होणारी उघड चर्चा संचालक मंडळाच्या बैठकीत जाते, हा त्याचा दुसरा परिणाम. मार्च २०२२ मध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपून कारभार दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिला, तेव्हा तो परिणाम अधिकच जाणवला.

याच काळात शासकीय मराठीत एक नवा शब्द रूढ झाला : ‘भागधारक’. ज्यांचे हित वा अहित योजनेत गुंतलेले असते त्या सर्वांसाठी तो इंग्रजीवरून घडविला गेला. परंतु मराठीत ‘भागधारक’ म्हणजे कंपनीचे भाग विकत घेतलेला मनुष्य. परिवहन कंपनीच्या संदर्भात हा शब्द विचित्र घोटाळा करतो. कारण तेथे भाग महापालिकेचे असतात, आणि प्रवासी हा भाग नसलेला ‘भागधारक’ ठरतो. त्यापेक्षा जुना ‘हितसंबंधी’ हा शब्द अधिक प्रामाणिक होता.

नागरिकांस आधी विचारले नाही म्हणजे काय होते, याची नाशिकमधील उदाहरणे लहान पण बोलकी आहेत. स्मार्ट सिटी योजनेतून त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा जेमतेम एक किलोमीटरचा रस्ता नमुन्यादाखल करावयास घेतला, तो दीर्घकाळ रेंगाळला, आणि दुकानदार, पालक व पादचारी यांचा रोष ओढवून घेता झाला. त्याच योजनेतील भाड्याच्या सायकलींची सेवा २०१८ मध्ये सुरू झाली आणि लौकरच बंद पडली. रबरी चाकांच्या ‘मेट्रो निओ’चा समावेश २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रुपयांच्या आकड्यासह झाला, घोषणेनंतरची कित्येक वर्षे ती कागदावरच राहिली.

याउलट, विचारल्याने किंवा ऐकल्याने काय साधते याचीही उदाहरणे याच शहरात आहेत. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थातील चेंगराचेंगरीत तिसांहून अधिक भाविक मृत्यू पावले. त्या आघातामुळे २०१५ च्या सिंहस्थात गावाबाहेर वाहनतळ, तेथून बसगाड्या व पुढे पायी वाट अशी कडक व्यवस्था आखली गेली. २९ ऑगस्ट २०१५ च्या पहिल्या शाही स्नानास निर्बंध इतके झाले की, भाविकांची पायपीट व नागरिकांची कोंडी यांविषयी मोठी ओरड उठली. आणि १३ सप्टेंबरच्या पर्वणीसाठी ते शिथिल करण्यात आले. हरकत वेळेवर ऐकली गेल्याचे हे उदाहरण होय. त्याच सिंहस्थापूर्वी, २०१४ पासून, मूळचे नाशिकचे शास्त्रज्ञ रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ या नावाने विद्यार्थी, अभियंते, नागरिक व अधिकारी एकत्र बसले. पावलांच्या दाबावरून गर्दी मोजणारी चटई त्यातूनच पुढे आली, आणि तिच्यामागे स्थानिक शाळकरी मुले होती. रेघ आखण्यापूर्वी बोलावले असता नागरिक हरकतदाराखेरीज आणखी काही होऊ शकतो, हे येथे दिसून आले.

७

नागरिकांच्या सहभागाचा पद्धतशीर विचार जगात अन्यत्रही फार जुना नाही. ब्रिटनमधील स्केफिंग्टन समितीचा अहवाल आणि अमेरिकेतील शेरी आर्नस्टाइन यांचा सहभागाच्या आठ पायऱ्यांवरील निबंध हे दोन्ही १९६९ मधील. आर्नस्टाइन यांच्या शिडीत माहिती देणे व मत विचारणे या पायऱ्या मध्यावर येतात. त्यांच्यावर भागीदारी, आणि सर्वांत वर नागरिकांचा अधिकार. त्या शिडीवर ‘हरकती व सूचना’ मधल्या पायरीवरच थांबतात. पुण्यात २००६–०७ पासून नागरिकांनी आपल्या प्रभागातील लहान कामे अंदाजपत्रकासाठी सुचविण्याची पद्धत सुरू झाली, आणि तीत पदपथ, बसथांबे यांसारखी कामे येऊ शकतात. ही एक पायरी वरची खरी. परंतु थांब्याचे छप्पर सुचविता येणे वेगळे, आणि त्या थांब्यावर कोणती बस यावी हे ठरविता येणे वेगळे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, मार्गांची आखणी हे तज्ज्ञांचे काम आहे, आणि तिकीटयंत्रांच्या नोंदींवरून प्रवाशांची मागणी आता घरबसल्या कळते. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. तिकीटयंत्र जो बसला त्याची नोंद करते. जो वाट पाहून कंटाळला व पायी निघाला, जिला दुसऱ्या पाळीनंतर परतीची बस नव्हती म्हणून अंबडमधील काम सोडावे लागले, ज्या विद्यार्थ्याच्या गावची फेरी महाविद्यालय सुटण्याआधीच निघून जाते, त्यांची नोंद कोणत्याही यंत्रात होत नाही. त्यांना विचारावेच लागते. शिवाय तोट्याची फेरी चालवावी की नाही हा गणिताचा प्रश्न दिसत असला, तरी तूट शेवटी करदात्यांनीच भरावयाची असल्याने तो सार्वजनिक निवडीचा प्रश्न आहे. आणि अशी निवड तज्ज्ञाने एकट्याने करणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे.

नाशिकच्या इतिहासातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, विचारण्याची वेळ मसुद्यापूर्वीची हवी. प्रभागवार बैठका, थांब्यांवरील विचारपूस आणि रिक्षाचालकांशी बोलणे यांनी आराखड्याचा आरंभ व्हावा. दुसरा, १९५८ च्या निर्णयाप्रमाणे ऐकणारा व ठरविणारा एकच असावा, आणि कोणती सूचना का स्वीकारली वा का नाकारली हे लेखी प्रसिद्ध व्हावे. तिसरा, १८७० च्या सार्वजनिक सभेप्रमाणे बोलणाऱ्यामागे काही मुखत्यारी असावी. कामगार, विद्यार्थी, गृहकामगार स्त्रिया, अपंग, शहरात सामील झालेली खेडी यांनी निवडून दिलेल्या प्रवासी प्रतिनिधींस परिवहन कंपनीच्या निर्णयांत स्थान मिळावे. नाहीतर मोठ्या आवाजाच्या मूठभरांसच ‘नागरिक’ समजले जाईल, आणि नव्या सहभागात जुनाच बहिष्कार शिरेल.

शहरापुढे पुन्हा सिंहस्थ आहे. त्याच्या निमित्ताने होणारे रस्ते, वाहनतळ व मार्ग पर्वणी संपल्यावरही शहरात उरतील, आणि पुढील पिढ्या त्यांवरूनच कामाला व शाळेला जातील. त्यांचे मसुदेही राजपत्रात व वृत्तपत्रांत प्रसिद्ध होतील, आणि खाली मुदत देऊन हरकती व सूचना मागविल्या जातील. दीडशे वर्षांपूर्वी स्थानकाची जागा नाशिककरांस न विचारता ठरली, आणि ते आठ किलोमीटरांचे अंतर शहर अजून तोडीत आहे. या वेळी जे अंतर आखले जाईल, ते कोणास रोज तोडावे लागणार आहे, एवढे तरी आखणाऱ्यांनी आधी जाऊन विचारावे.